बिनबैलाच्या गाडीचे चार बैल

आमच्या आबांच्या मोटारीला आसपासच्या दहा गावांत 'बिनबैलाची गाडी' म्हणत. आज मी मास्तरीणपणातून निवृत्त होऊन घरी बसले, तरी लग्नकार्यात कुणी म्हातारं माणूस भेटलं की हटकून विचारतं, "तुमच्याच आबांची ना हो ती बिनबैलाची गाडी? काय थाट होता!" आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. बिनबैलाची म्हणे! चार बैल लागायचे तिला, चांगले चार, आणि त्या चार बैलांच्या मागे एक माणूस. फक्त ते रस्त्यावर दिसायचे नाहीत. ते आमच्या खळ्यात, कुडाच्या आड, दिवसभर गोल फिरत असायचे. एवढाच काय तो फरक.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि कुपन मिळायचं सरकारी माणसाला नाहीतर डॉक्टरला. आबा दोन्ही नव्हते. तापीकाठची काळी जमीन, कापूस, थोडा ऊस, घरात खायला-प्यायला भरपूर. पण आबांना नुसतं भरपूर असून चालत नसे, ते चार लोकांना दिसावंही लागे. एकदा कापसाच्या कामाला गुजरातेत गेले आणि तिथल्या कुठल्याशा संस्थानिकाच्या पागेतला लिलाव बघून आले. बघून कसले, घेऊनच आले! विजेवर चालणारी मोटार. राणीसाहेब म्हणे तिच्यात बसून बागेत फिरायच्या. बागेत! आणि आबांनी ती आणली आमच्या गाडीवाटेवर, जिथे चैत्रात घोट्यापर्यंत फुफाटा असतो. नंदुरबारला ती रेल्वेच्या डब्यातून उतरली. तिथून गावापर्यंत नऊ मैल तिला कशानं ओढून आणलं, विचारा. बैलांनी.

दिसायला चांगली होती, खोटं कशाला बोलू. हिरवी, उंच चाकांची, पुढे इंजिनाचं नाक नाही, त्यामुळे घोडा सोडलेल्या टांग्यासारखी दिसायची. चक्राऐवजी एक दांडी धरून ती वळवायची. ना धूर, ना फटफट. बैठकीखाली आणि मागच्या पेटीत शिशाच्या पट्ट्यांचे डबे ओळीनं मांडलेले, आणि त्यांत तेजाब. गावातली पोरं खाली वाकून बघायची आणि ही खाते काय ते विचारायची, "आबा, काय खास हाई?"

"ही वीज खाते," आबा सांगायचे. गाडी आल्यापासून आबा घराबाहेर शुद्ध बोलायला लागले होते. 'शे' गेलं, 'आहे' आलं. आई तोंडाला पदर लावून हसायची.

पण वीज आणायची कुठून? गावात रॉकेलचे कंदील. मग नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनातला मिस्त्री येऊन आठ दिवस आमच्याकडे जेवला, आणि त्यानं उसाच्या चरकाला लोखंडी दात्यांची चाकं, मोठा पट्टा आणि जुना डायनामो असं काहीतरी जोडून दिलं. बैलांच्या दोन जोड्या चरकाला जुंपायच्या, त्यांनी फिरत राहायचं, आणि तिकडून दोन जाड तारांतून वीज गाडीत. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत बैल फिरले की गाडी एकदा स्टेशनला जाऊन परत यायची. दिवसभराच्या चालीत एक फेरी! आमच्या गल्लीतला एक म्हातारा ओट्यावर बसून हे सगळं बघायचा. तो एकदा म्हणाला, "आबा, त्याच चार बैल गाडीले जुपा ना! सांजले पोचानं ते दुपारलेच पोचशात." आबा त्याच्याशी दोन महिने बोलले नाहीत.

हे काम पडलं सालदाराच्या गळ्यात. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. आमचा सालदार सातपुड्यातून खाली आलेल्या घरातला, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा, बोलायला अगदी कमी. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो. आबांनी त्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली, चरकाच्या दांडीवर बसायचं नाही, बैलांवर वजन पडतं, मागून चालायचं. म्हणजे बैलांच्या वजनाची काळजी, आणि माणसाच्या पायांची? छे! दुसरी गोष्ट अशी की बैल थांबवण्याआधी खटका ओढायचा. तसं केलं नाही तर गाडीत भरलेली वीज उलटी येऊन डायनामोच फिरवायला लागायची, आणि सकाळपासूनची चाल मातीत. त्यामुळे बैलानं शेपटी वर केली, की मामाची नजर आधी वीज दाखवणाऱ्या काट्यावर, मग खटक्यावर, मग बैलावर. पाणी प्यायचं तरी पळत जाऊन आधी खटका ओढायचा. एकदा विसरला, तर आबांनी सगळ्यांसमोर त्याचं काय काय काढलं! मी तिथेच होते. मूग गिळून उभी होते, हेही लिहून टाकते.

आणि पाणी! डब्यांना विहिरीचं पाणी चालत नसे. पावसाळ्यात पत्र्यावरून पडलेलं स्वच्छ पाणी बरण्यांत भरून ठेवलेलं असायचं, आणि त्या बरण्यांना घरात हात लावायची कोणाची टाप नव्हती. वैशाखात विहीर तळाला गेली, आई दोन-दोन खेपा करून घामाघूम व्हायची, पण बरण्या तशाच. ते डब्यांचं पाणी. डबे तपासताना तेजाबाचे शिंतोडे उडायचे. मामाच्या धोतराला खाली सगळीकडे भोकं पडली होती. आबांचं धोतर मात्र पांढरं शुभ्र.

आता मुख्य गोष्ट. मी सातवीची, म्हणजे फायनलची, परीक्षा पास झाले होते. आमच्या गावात त्या वयाची बिनलग्नाची मुलगी मी एकटीच, आणि तेही आबांच्या मिरवण्यापायीच, कारण 'माझी मुलगी मास्तरीण होणार' असं ते सगळीकडे सांगून बसले होते. धुळ्याच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला, आणि चैत्र संपता संपता पत्र आलं: आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत हजर व्हावे, सोबत घरचे मोठे माणूस असावे, न आल्यास जागा दुसरीस देण्यात येईल. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खान्देशात दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके, घरोघरी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस. बैलाच्या मानेवर त्या दिवशी जू चढत नाही. आणि सालदाराचं साल त्या दिवशी सुटतं. जुनं वर्ष संपलं, आणि संध्याकाळी मालकाच्या ओट्यावर बसून नवं साल धरायचं. मधला तो दिवस त्याचा स्वतःचा. वर्षात एकच.

मी आबांना आठ दिवस आधीपासून सांगत होते, आपण आदल्या दिवशी निघू, बैलगाडीनं निघू. आबा म्हणाले, "घरात मोटार असताना बैलगाडी? नऊ मैल म्हणजे काय, पाऊण तासाचं काम. आखाजीला सकाळी निघायचं, दुपारची गाडी पकडायची." बरं बाबा, म्हटलं. आखाजीच्या आधी दोन दिवस मामानं बैल फिरवून गाडी काठोकाठ भरून ठेवली. काटा मी स्वतः बघितला होता.

आणि आदल्या दिवशी दुपारी ताई आणि जावई आले. झालं! जावयाला गाडी दाखवायची. दाखवायची म्हणजे काय, आधी गावातून, मग तापीपर्यंत, मग शेजारच्या गावात आबांच्या एका स्नेह्याकडे, आणि तिथून उलट आणखी एका गावात. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. दिवेलागणीला गाडी परत आली तेव्हा ती मुंगीसारखी सरकत होती, आणि आबा जावयाला सांगत होते, "बघा, हळू चालवली तर किती मजा येते!" मी विचारलं, "आबा, उद्याचं?" ते म्हणाले, "आहे, आहे, पुष्कळ आहे."

सकाळी ट्रंक बैठकीवर ठेवली, आबा चढले, दांडी धरली, आणि गाडीनं एक बोट हलून दाखवलं. बस्स. काटा तळाला. आधी रडू आलं, मग रडूही येईना इतका राग आला.

आबांनी काय करावं? "जा, सालदाराला बोलाव. चार तास बैल फिरवले तर स्टेशनापुरती होईल."

आई आतून बाहेर आली. "आज? आखाजीले?"

"खळ्यात, कुडाच्या आड. कोणाला दिसतंय?"

दर आखाजीला स्वतःच्या हातानं बैलांच्या मानेला हळद-तेल लावणारा माणूस हे बोलत होता! पण मला त्या क्षणी बैलांचंही काही वाटलं नाही, मामाचंही नाही. खोटं नाही सांगत. माझ्या डोळ्यांसमोर फक्त दुपारची रेल्वे. मी धावत वस्तीवर गेले.

मामा झोपडीसमोर बसला होता. अंघोळ केलेली, बायकोनं धुतलेलं, भोकाभोकांचंच पण स्वच्छ धोतर, आणि पाय लांब पसरलेले. त्याला तसा बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मी सगळं एका दमात सांगितलं आणि म्हटलं, "चाल लवकर, आबांनी बोलावलंय."

"आज मी कोनाबी गडी नही, माय," तो म्हणाला.

"मामा, माझं वर्ष जाईल!"

"मन्हं गयं ना कालदिन." म्हणजे माझं कालच गेलं. हसला नाही, चिडलाही नाही.

आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "वर्षभर आमचं खाल्लंस ना? एक दिवस चाललास तर पाय झिजतील का?" सतरा वर्षांची पोर, ज्याच्या धोतराला आमच्या गाडीच्या तेजाबानं भोकं पाडली होती त्या माणसाला हे बोलत होते. त्याची बायको दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

मामानं स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "वरीसभर चालनू मी. कोठे पोचनू?"

खळ्यात. जिथून निघाला तिथेच.

तोच पुढे म्हणाला, "तुले पाय शेतस ना? मंग चाल. मी बी येस. आज मन्हा पाय मन्हा शेतस, जरा सरळ वाटवर चालाडी देखू."

मी घरी पळत आले. आबांना म्हटलं, "आबा, चला पायी. आत्ता निघालो तर गाडी मिळते. मामा येतोय सोबत." आबा गाडीत तसेच बसलेले, दांडी हातात. ते म्हणाले, "मी? पायी? जावई घरात आहेत. दारात मोटार असून पायी गेलो तर लोक काय म्हणतील?" आणि मग, अगदी शांतपणे, शुद्ध मराठीत, "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी माझं लग्न लावून दिलं असतं, आणि आबांनी ते लग्नही त्या गाडीतूनच मिरवलं असतं. लोक काय म्हणतील याच्यासाठी पोरीचं आयुष्य पणाला लावायची तयारी, पण नऊ मैल चालायची नाही. मी काय बोलणार होते देव जाणे, पण आईनं मला बोलू दिलं नाही. तिनं गाडीतली ट्रंक ओढून काढली, माझ्या हातात दिली, फडक्यात बांधलेले मांडे आणि तांदळाच्या डब्यातली पैशांची पुरचुंडी माझ्या ओटीत टाकली. "जाय माय," म्हणाली. "मांगे देखू नको."

सोबतीला घरचं मोठं माणूस हवं होतं, त्याचं काय ते स्टेशनवर बघू, असं मी आईला म्हटलं. मनात काय होतं ते मला ठाऊक होतं.

गावाच्या बाहेर आल्यावर मी सवयीनं ट्रंक मामाच्या डोक्यावर द्यायला गेले. त्यानं हात मागे घेतला. "आज गडी नही मी," म्हणाला. मग त्यानं बोट दाखवून हिशेब सांगितला: "एक कोस तू, एक कोस मी." आणि पहिला कोस मला दिला! बाई गं, वैशाखाचं ऊन, पायाखाली फुफाटा, डोक्यावर लोखंडी ट्रंक. मान मोडून गेली. मी मनातल्या मनात त्याला काय काय बोलले. पहिला कोस झाला तसा त्यानं निंबाखाली थांबून, न सांगता, ट्रंक माझ्या डोक्यावरून उतरवली आणि आपल्या डोक्यावर घेतली. त्यापुढे मला त्याच्याबद्दल काही वाकडं बोलवलं नाही.

पण एक गोष्ट बघून मी हसले. मामा चालता चालता सारखा डावीकडे सरकायचा. रस्ता सरळ, आणि हा हळूहळू काठाला, काठावरून काटेरी कुंपणाला. मग थबकायचा, परत मधे यायचा, आणि पुन्हा पन्नास पावलांत डावीकडे. मी म्हटलं, "मामा, ताडी घेतली का रे?" तोही हसला. म्हणाला, "पायले सांगी ऱ्हायनू, चरक नही शे इथं. ऐकतस नही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या खळ्यात बैल डावीकडून फिरायचे. वर्षभर त्यांच्या मागून डावीकडे वळत वळत चाललेले पाय होते ते. माझं हसू तिथेच गेलं. उरलेल्या वाटेवर मी त्याच्या डाव्या बाजूनं चालले, म्हणजे तो सरकला की मला धडकायचा आणि सरळ व्हायचा.

स्टेशनला पोचलो तेव्हा रेल्वे यायला अजून अवकाश होता. हौदावर पाणी प्यायलो, मांडे अर्धे-अर्धे खाल्ले. मग मी पत्र काढलं आणि त्याला ती ओळ वाचून दाखवली. सोबत घरचे मोठे माणूस असावे. वाचून दाखवली आणि घडी घालून पत्र परत ठेवलं. विचारलंसुद्धा नाही. लबाडीच ती.

त्यानं आधी आम्ही आलो त्या रस्त्याकडे बघितलं, मग उन्हाकडे. "सांजले साल धरानं शे," म्हणाला. मला कळलं होतं. संध्याकाळी आबांच्या ओट्यावर तो बसलेला नसला तर त्याची जागा दुसऱ्याला जाणार. आखाजी उलटून गेल्यावर सालदार कोणी ठेवत नाही, वर्ष रिकामं. माझी जागा जाणार होती तशीच त्याची. मला हे सगळं त्या बाकावर बसून स्पष्ट दिसत होतं, आणि मी म्हणाले नाही की मामा, तू जा परत. रेल्वे आली. तो माझ्या मागून डब्यात चढला.

नरडाण्याला उतरलो, तिथून पहाटे कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. वाटेत चढ लागला की सगळ्यांनी खाली उतरून ढकलायची. मामा ढकलता ढकलता म्हणाला, "हाई बी बिनबैलनी?" आणि मी पोट धरून हसले. दोन दिवसांतलं तेवढंच मोकळं हसू.

धुळ्यात वेळेत पोचलो. ट्रेनिंगच्या मुख्य बाई कडक, पांढरं पातळ, नाकावर चष्मा. त्यांनी कागद बघितले, मला दोन उतारे वाचायला लावले, गणित घातलं. मग मामाकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, भोकांपर्यंत.

"हे कोण तुझे?"

"मामा," मी पटकन म्हटलं.

बाईंनी त्यालाच विचारलं. मला वाटलं, संपलं. मामाला खोटं बोलता यायचं नाही. तो म्हणाला, "पोरे मामा म्हंतस माले, बाई. इना बाप मोटारमा बठेल शे, मोटार चाली नही ऱ्हायनी. म्हनीसन मी उनू."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणून मी आलो, हे त्यांना किती समजलं कोण जाणे. म्हणाल्या, "कुठून चालत आलात?" मी सांगितलं. त्यांनी 'सोबत आलेले' या ओळीत 'मामा' असं लिहिलं आणि शाईची डबी त्याच्यापुढे सरकवली. त्याचा अंगठा उठला, आणि माझी जागा पक्की झाली. बाहेर येऊन मी त्याच्या पाया पडायला वाकले, तर दोन पावलं मागे सरला. परतीच्या तिकिटाचे पैसे मी त्याच्या हातात कोंबले. तो गेला, आणि जाताना फाटकापाशीही थोडा डावीकडेच गेला.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले. आबांनी स्टेशनवर गाडी आणली होती. हार काय, पेढे काय! वाटेत भेटेल त्याला सांगायचे, "मुलगी ट्रेनिंगला आहे. आपल्या मोटारीतूनच पाठवली." मी ऐकत होते. गाडी खळ्याजवळ थांबली तेव्हा चरकापाशी एक परका माणूस उभा दिसला.

"मामा कुठंय?"

"तो? गेला," आबा म्हणाले. "आखाजीला हजर नव्हता. दुसरा ठेवला."

"तुमच्याच मुलीला पोचवायला गेला होता!"

"मी सांगितलं होतं का त्याला?"

असं म्हणाले. जन्मदाता बाप. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी वस्तीवर गेले तर झोपडीचं दार काट्यांनी बंद. शेजारणीनं सांगितलं, तो परत आला त्याच दिवशी आबांच्या ओट्यावर गेला होता. तिथे बसलेल्या नव्या माणसाला बघून मागे फिरला. "साल कोनी धरं नही त्यानं. गुजरातमा गया, बायकोपोरे लिसन." कुठल्या गावाला, तिला माहीत नव्हतं. मी नंतरही खूप विचारलं, वर्षानुवर्षं विचारलं. पत्ता लागला नाही.

सुट्टी संपली. निघायच्या दिवशी सकाळी आबांनी गाडी ओट्यासमोर आणून लावली. "चल, बस. काल दिवसभर बैल फिरवलेत तुझ्यासाठी." मी ट्रंक उचलली, डोक्यावर घेतली, आणि गाडीला वळसा घालून चालायला लागले. आबांना वाटलं, थट्टा करते. मग गाडी घेऊन मागे आले. "बस म्हणतो ना! लोक बघतायत!" लोक बघतच होते. सगळी गल्ली बाहेर. मी चालतेय, डोक्यावर ट्रंक, आणि माझ्या शेजारी माझ्याच चालीनं आबांची मोटार, आत आबा, फेटा बांधलेले, दर दहा पावलांनी म्हणतायत, "बस. अगं, बस. असं काय करतेस?"

"मामाला परत आणा," मी म्हटलं. "मग बसते."

"कुठून आणू? तो काय माझा नातेवाईक आहे?"

मी चालत राहिले. असे आम्ही गावाबाहेर आलो, ओढा ओलांडला. नव्या सालदाराला खटक्याचं अजून नीट जमलेलं नसावं, कारण दोन मैल झाले असतील-नसतील तेव्हा गाडी जड पडायला लागली, आणि मग थांबली. आबांनी दांडी हलवली, काट्यावर टिचकी मारली. चारी बाजूंना नुसतं कापसाचं रान, माणूस नाही की काणूस नाही.

"आता?" आबा म्हणाले. गाडी आल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर ते माझ्याशी आमच्या घरच्या बोलीत बोलले, "आते काय करू वं? बैल लागतीन. कोनले धाडू?"

"तुम्हीच जा, आबा," मी म्हटलं. "पायी जा. दोनच मैल आहेत. मामा नऊ चालला होता, आणि त्या दिवशी तो आपला गडीही नव्हता."

आबा खाली उतरले, धोतर वर धरलं, आणि फुफाट्यातून गावाकडे चालायला लागले. मी ट्रंक सारखी केली आणि स्टेशनची वाट धरली. आबांना परत गेल्यावर घर होतं, खळं होतं, दावणीला बैल होते. मामा परत गेला तेव्हा त्याच्या जागेवर दुसरा माणूस बसलेला होता.